कोष्टक आणि इतर अधिकार

मराठी माणसाला एखादी गोष्ट खरी वाटायची तर तिच्याभोवती रेघा लागतात. जमीन आपली आहे हे आजोबांनी सांगितलं, पणजोबांनी सांगितलं, भांडण असलेल्या भाऊबंदाने दसऱ्याच्या दिवशी गळामिठी मारून कबूल केलं, तरी त्याला किंमत नाही. ती सातबाऱ्यावर दिसली पाहिजे. आणि सातबारा म्हणजे काय, तर गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा अशी एकाखाली एक ठेवलेली दोन कोष्टकं. वरच्यात जमीन कोणाची, खालच्यात तिच्यावर पीक कोणतं. खरं नाट्य असतं ते, म्हणजे बँकेचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींचे हक्क, हे सगळं ‘इतर अधिकार’ नावाच्या एका रकान्यात कोंबलेलं. तीन पिढ्यांची भांडणं मावतील एवढा रकाना आपण आखून ठेवला आहे.

पंचांगाचंही तेच. आकाशातल्या ग्रहांना वक्री व्हायची मुभा आहे, रकाना सोडायची नाही. भिंतीवरच्या कालदर्शिकेचं एक घर घ्या. तारीख, तिथी, नक्षत्र, संकष्टी असेल तर चंद्रोदयाची वेळ, कोणाची तरी पुण्यतिथी, आणि एवढं होऊन ‘दूध आले नाही’ असं पेनाने लिहायला कोपरा शिल्लक. माझं पोट वेबपानं बनवण्यावर चालतं. एका घरात इतकं बसवून वर कोपरा राखणारा डिझायनर मला या धंद्यात भेटलेला नाही.

सरकारी कोष्टकाची सुरुवात ‘अ. क्र.’ने होते आणि शेवट ‘शेरा’ने. मधले रकाने सरकारागणिक बदलतात, ही दोन टोकं बदलत नाहीत. शेऱ्याचा रकाना बहुधा रिकामा असतो, पण तो काढून टाकू या असं कुठल्याही कचेरीत सुचवून बघा. “आणि उद्या शेरा द्यायची वेळ आली तर?” या प्रश्नाला आजवर कोणाला उत्तर देता आलेलं नाही.

अशा परंपरेत वाढलेला माणूस वेबपानावर कोष्टक मांडायला बसतो, तेव्हा त्याला पहिला धक्का बसतो तो इथे सगळा क्रमच उलटा आहे याचा. कागदावर आपण आधी फुटपट्टी घेऊन रेघा मारतो आणि मग मजकूर भरतो. आडनाव लांब निघालं तर शेवटची अक्षरं बारीक करत, रेघेला टेकवत, अगदीच नाही मावलं तर ‘कुलकर्णी’तला ‘णी’ डोक्यावर चढवून ते बसवतो. रेघ हलत नाही, कुलकर्णी हलतात. वेबपानावर मजकूर आधी येतो आणि रेघा मागाहून, त्याच्या कलाने. ब्राउझर प्रत्येक घरात डोकावून दोन प्रश्न विचारतो. अंग चोरून बसायचं तर तुला किती जागा लागेल? आणि ऐसपैस बसायला मिळालं तर किती घेशील? घरातला सगळ्यात लांब, न तुटणारा शब्द हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर. सगळा मजकूर एका ओळीत, हे दुसऱ्याचं. मग रकान्यातलं सगळ्यात हट्टी घर अख्ख्या रकान्याची किमान रुंदी ठरवतं आणि उरलेली जागा ज्याच्या त्याच्या भुकेप्रमाणे वाटली जाते. एसटीच्या तीन जणांच्या बाकावर खिडकीशी एक भरभक्कम गृहस्थ आधीच बसलेले असले, की उरलेल्या दोघांचा हिशेब जसा होतो, तसा हा होतो. त्या गृहस्थांनी काही केलेलं नसतं. ते फक्त बसलेले असतात.

इंग्रजीचे शब्द मराठीच्या मानाने आटोपशीर. आपण नामाला विभक्ती लावतो, तिला शब्दयोगी अव्यय जोडतो, त्यावर पुन्हा प्रत्यय चढवतो आणि मध्ये श्वास घ्यायला कुठे जागा ठेवत नाही. ‘पुनर्विकासासंदर्भातल्या’ हा एकच शब्द एका घरात येऊन बसला की शेजारचे रकाने आपापल्या भिंतींना चिकटतात. शब्द हवा तिथे तोड, असं ब्राउझरला सांगता येतं. तो तोडतोही. पण त्याला संधी, समास यांच्याशी कर्तव्य नाही, त्यामुळे वरच्या ओळीत ‘पुनर्विका’ आणि खालच्या ओळीत ‘सासंदर्भातल्या’ अशी फाळणी होते, आणि या सासूबाई कुठून आल्या म्हणून वाचक थबकतो.

गंमत म्हणजे टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये वेब उभं केलं तेव्हा त्यांच्या एचटीएमएलमध्ये कोष्टक नव्हतंच. प्रयोगशाळा शास्त्रज्ञांची, दिवसरात्र आकड्यांचं पीक, आणि ते मांडायला टेबल नाही. मथळे होते, याद्या होत्या, दुवे होते. आकडे मांडायचे तर सारख्या रुंदीच्या टंकात, मध्ये मध्ये मोकळ्या जागा सोडत. १९९३ साली डेव्ह रॅगेट यांनी कोष्टकाचा आराखडा पुढे ठेवला, १९९५ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर १.१ मधून ते लोकांच्या हाती पडलं आणि जानेवारी १९९७ मध्ये एचटीएमएल ३.२ आलं तेव्हा त्याच्यावर अधिकृत शिक्का बसला. आपल्याकडे विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे आपण सभागृहात शिरलो तेव्हा कोष्टकही नुकतंच खुर्ची शोधत होतं.

आकड्यांसाठी आलेल्या या वस्तूचं लोकांनी काय करावं? त्यात अख्खी पानं बसवली. डावीकडे मेनूचा रकाना, मधे मजकुराचा, उजवीकडे जाहिरातीचा, वर आडवी पट्टी, आणि सगळ्याच्या रेघांची जाडी शून्य. रेघा काढून टाकलेलं कोष्टक! आपल्याकडच्या तलाठ्याला नुसतं ऐकून घेरी आली असती. मग एका कोष्टकाच्या घरात दुसरं कोष्टक, त्याच्या घरात तिसरं. जागा सोडायची तर एक पिक्सेल उंच, एक पिक्सेल रुंद असं पारदर्शक चित्र घालायचं आणि ते हवं तेवढं ताणायचं. ही युक्ती घरोघरी पोचवली डेव्हिड सिगेल यांच्या १९९६ सालच्या ‘क्रिएटिंग किलर वेब साइट्स’ या पुस्तकाने. पुढच्याच वर्षी सिगेल यांनी, वेबची वाट लागली आणि ती मीच लावली, अशा अर्थाचा मथळा देऊन लेख लिहिला. आपला सल्ला इतक्या चटकन परत मागणारा सल्लागार दुर्मीळ. सल्ला घेणारे मात्र ऐकायच्या पलीकडे गेले होते.

त्या काळात वेबपानं बनवणं हे धैर्याचं काम होतं. टेबल बंद करायचा टॅग राहिला, तर नेटस्केप ४ अख्खं कोष्टकच दाखवत नसे. पान कोष्टकात, कोष्टक गायब, म्हणजे पडदा कोरा. काही चुकलं नसलं तरीही तो बराच वेळ कोराच असायचा, कारण सगळी घरं हाती आल्याशिवाय रुंदी ठरत नाही आणि रुंदी ठरल्याशिवाय काही दिसत नाही. मोडेम कण्हतो आहे, फोनचं मीटर पळतं आहे, घरातले “झालं का?” विचारताहेत, आणि ब्राउझर शेवटच्या घराची वाट पाहतो आहे. रिकाम्या घराची तऱ्हा आणखी वेगळी. जुने ब्राउझर त्याच्याभोवती चौकटच काढत नसत. तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात न दिसणारी एक मोकळी जागा टंकावी लागे. शेरा नाही हे दाखवण्यासाठी शेऱ्यात काहीतरी लिहायचं, हे मात्र आपल्या लोकांना समजावून सांगावं लागलं नाही.

पुढे धर्मसुधारणा झाली. पानाचं रूप वेगळ्या फाइलमध्ये ठेवणाऱ्या सीएसएसची कल्पना होकोन विउम ली यांनी १९९४ मध्येच मांडली होती, डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली प्रमाण आवृत्तीही निघाली. पण ब्राउझरांना ती नीट पाळायला वेळ लागला आणि माणसांना त्याहून जास्त. २००३ साली डेव्ह शे यांनी ‘सीएसएस झेन गार्डन’ काढलं. मजकूर तोच, एचटीएमएल तेच, नुसती सीएसएसची फाइल बदलली की पानाचं रूप पार वेगळं. ते पाहून लोक भारावले, आणि भारावलेले लोक नेहमी करतात तेच त्यांनी केलं: नियम केला. टेबल वाईट. मांडणीसाठी वाईट, हा अर्धा भाग वाटेत कुठेतरी सांडला. निवडणुकीचे निकाल, क्रिकेटचे धावफलक, ज्यांचा जन्मच रकान्यात झाला असे आकडेसुद्धा शेकडो डिव्हांमध्ये, म्हणजे नुसत्या खोक्यांमध्ये, तरंगवून मांडणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांना विचारलं तर अभिमानाने सांगत, “एकही टेबल नाही हं!” तिकडे टेबलाच्या घरात एका शब्दात होणारं काम, म्हणजे मजकूर वरखाली मधोमध आणणं, सीएसएसमध्ये करता करता एका पिढीचे केस पांढरे झाले. मार्च २०१७ मध्ये मोठ्या ब्राउझरांनी सीएसएस ग्रिड आणलं आणि सगळे आनंदाने ओळी आणि रकाने मोजत बसले. वीस वर्षं लढून मिळवलं काय, तर ओळी आणि रकाने.

आणि कर्मठांना सांगू नका, पण जुनं टेबल गेलेलं नाहीच. प्रोग्रॅमर मंडळी जिथे बसून एकमेकांना शुद्ध कोडचे धडे देतात त्या ‘हॅकर न्यूज’चं पान आजही कोष्टकावर उभं आहे. आउटलुकने २००७ च्या आवृत्तीपासून ई-मेल दाखवायला वर्डचं यंत्र जुंपलं, त्यामुळे तुमच्या बँकेचा दिवाळीच्या शुभेच्छांचा मेल अजूनही कोष्टकातल्या कोष्टकातून येतो. पणती एका घरात, ज्योत वरच्या घरात.

एवढं पुराण ज्याला ठाऊक असतं त्याला सोसायटीची वेबसाइट सांभाळावी लागते. मला लागते. पगार नाही, मान आहे. म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेत नाव घेऊन जाब विचारतात. आमचे खजिनदार बँकेतून निवृत्त झाले आहेत. देखभाल शुल्काचा तक्ता ते एक्सेलमध्ये करतात आणि मला व्हॉट्सअॅपवर पाठवतात. सोबत एकच ओळ: “जसाच्या तसा टाकणे.” अ. क्र., सदनिका क्र., सभासदाचे नाव, देखभाल, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, पाणी, पार्किंग, दंडव्याज, एकूण, भरणा, पावती क्र., थकबाकी, शेरा. मी एकदा भीत भीत म्हटलं, “काका, सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी एका रकान्यात घेतले तर?”

“उपविधी वाचलेत का तुम्ही?” एवढंच ते म्हणाले. रकाने वेगळे राहिले.

तिसऱ्या मजल्यावर दोन सदनिका जोडून एक केलेलं कुटुंब आहे. त्यांचं नाव दोन ओळींत मिळून एकदाच यायला हवं. त्यासाठी रोस्पॅन आहे. वरच्या घराला सांगायचं, तू खालची जागाही घे. मात्र खालच्या ओळीतलं नावाचं घर हाताने काढून टाकावं लागतं, नाहीतर त्या ओळीतली पुढची सगळी घरं एकेक पाऊल उजवीकडे सरकतात आणि शेवटचं कोष्टकाच्या बाहेर जाऊन लोंबतं. पुढे त्या घरातले दोघे भाऊ वेगळे झाले. मधली भिंत परत उभी राहायच्या आधी कोडमधली वाटणी मी करून दिली.

खजिनदारांना मी एकदा गंमत म्हणून सांगितलं, की एचटीएमएल ४ च्या नियमाप्रमाणे बेरजेची तळओळ कोडमध्ये तपशिलाच्या आधी लिहावी लागायची. ब्राउझर ती नेऊन तळाला बसवायचा. त्यांनी चष्मा काढला. “म्हणजे एकूण आधी आणि तपशील नंतर? आमच्या बँकेत एकाने असं केलं होतं. त्याची चौकशी झाली.” आता तो नियम सैलावला आहे हे सांगितल्यावरच त्यांनी चष्मा परत लावला.

त्यांचं माझं खरं भांडण मधोमध या विषयावर आहे. त्यांना सगळं मधोमध हवं असतं. नावं मधोमध, आकडे मधोमध. ही आवड लग्नपत्रिकेतून आली असावी. आकडे उजवीकडे टेकले तर एककाखाली एकक येतो, शतकाखाली शतक येतं आणि कोणाची थकबाकी किती लांब गेली आहे हे न वाचताही कळतं. मधोमध ठेवले की ४५० आणि ४५,००० सारखेच सोज्वळ दिसतात. शिवाय पुष्कळ टंकांत ‘१’ बारीक आणि ‘८’ रुंद, त्यामुळे सगळ्या अंकांना सारखी रुंदी दे असं वेगळं सांगावं लागतं. दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह आणायची सोय तर एचटीएमएल ४ मध्ये कागदोपत्री होती. ब्राउझर बनवणाऱ्यांनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. प्रमाण निघालं, अंमलबजावणी नाही. आपल्याकडे जीआर निघतात तसंच काहीसं तिकडेही चालतं हे पाहून बरं वाटलं.

एका वर्षी समितीतल्या उत्साही तरुणाने तक्ता देखणा करायचा म्हणून सगळ्या ओळींची उंची ठरवून टाकली आणि घराबाहेर जाणारं सगळं छाटायचा हुकूम दिला. इंग्रजी अक्षरांना हे चालून जातं. देवनागरीला वर वेलांट्या, खाली उकार, अधूनमधून जोडाक्षरांचे पाय. उकार छाटले गेले. सोसायटीच्या खर्चात ‘सतार, ३,५००’ अशी नोंद झळकली. गच्चीच्या दाराचं काम केलेल्या सुताराचे ते पैसे होते. सभेत एका सभासदाने विचारलं, सतार कोणाची आहे आणि ती फक्त ए विंगलाच ऐकू येते का?

वाचायला सोपं जावं म्हणून मी एकाआड एक ओळ फिकट राखाडी केली होती. ही सगळीकडची रीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी एक सद्गृहस्थ. “आमचीच ओळ काळपट का? आम्ही तर सगळे पैसे वेळेवर भरतो.” सम क्रमांकाच्या ओळी राखाडी असतात हे मी सांगितलं. ते थोडा वेळ विचार करत उभे राहिले आणि म्हणाले, “मग आम्हाला विषम करा.”

पण कोष्टकाची खरी परीक्षा घेतली ती मोबाइलने. चौदा रकाने आणि चार बोटं रुंद पडदा. काही जण प्रत्येक ओळीचं एकेक कार्ड करतात, रकान्याची नावं घराघरांत लिहितात. एका सदनिकेला ते ठीक. पण मग शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघता येत नाही, आणि तक्ता उघडण्याचं दुसरं कारणच काय? म्हणून मी कोष्टक आडवं सरकेल असं ठेवलं आणि नावांचा रकाना डावीकडे खिळवला. खिळवताना शेजारच्या घरांच्या एकत्र केलेल्या रेघा त्या रकान्याला सोडून बाकीच्यांबरोबर सरकत निघून गेल्या, त्या वेगळ्या बांधून घेतल्या. सगळं चोख झालं. मात्र तक्ता उजवीकडे सरकतो हे कोणाला कळायचं कारण नव्हतं. पडद्यावर दिसायचं नाव, देखभाल, सिंकिंग फंड, आणि अर्धवट कापलेला दुरुस्ती निधी. दंडव्याज, थकबाकी वगैरे कटू मजकूर पडद्याच्या कडेपलीकडे. त्या वर्षात सोसायटीत जी शांतता नांदली ती आधी कधी नव्हती. लिफ्टमध्ये लोक एकमेकांकडे बघून हसत. खजिनदारांना वाटलं, डिजिटल पारदर्शकतेचा हा परिणाम.

चौथ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांना दिसत नाही. त्या एनव्हीडीए या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर पानं ऐकतात. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स तेह या दोघा अंध तरुणांनी ते उभं केलं. कोष्टक खरोखरचं कोष्टक असेल आणि रकान्यांची नावं मथळे म्हणून दिलेली असतील, तर कळफलकावरचे बाण दाबत घराघरातून फिरता येतं आणि प्रत्येक आकड्याआधी रकान्याचं नाव ऐकू येतं. डिव्हांच्या देखण्या तक्त्यात त्यांना नुसते आकडे ऐकू आले असते, एकामागून एक, कोणाचे कोण न सांगता. खजिनदार अधूनमधून लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात, तेव्हा बाई उत्तर पाठवतात: “फक्त ‘चित्र’ असं ऐकू येतंय. चित्र चांगलं असावं.”

एका दुपारी बाई खिडकी उघडी ठेवून तक्ता ऐकत होत्या. यांत्रिक मराठीत, मोठ्या आवाजात, एकेक सदनिका चौकात घोषित होत गेली. देखभाल, अमुक. दंडव्याज, तमुक. थकबाकी. गॅलऱ्यांमध्ये माणसं येऊन उभी राहिली. खाली मुलांनी क्रिकेट थांबवलं. ज्यांचा आकडा मोठा होता ते आत गेले. जोडसदनिकेतल्या दोघा भावांनी पहिल्यांदाच एकमेकांकडे पाहिलं.

संध्याकाळी बाईंचा खजिनदारांना फोन. त्यांच्या नावावर एका तिमाहीची थकबाकी आहे, पण त्याच ओळीत त्याच तिमाहीची पावती क्रमांकासकट नोंदलेली आहे, असं कसं? खजिनदार वही घेऊन माझ्याकडे आले. आम्ही लॅपटॉपवर तक्ता उघडला आणि उजवीकडे सरकवत सरकवत शेवटापर्यंत गेलो. बाईंचं बरोबर होतं. मग वहीशी ताडून पाहिल्यावर आणखी काही ओळींत तोच घोळ सापडला, आणि तो वर्षभर तसाच होता. कोणाची तक्रार नव्हती, कारण कोणी तिथवर पोचलंच नव्हतं.

खजिनदारांनी पडद्याच्या कडेकडे रोखून पाहिलं आणि वही मिटली.

“अहो,” ते म्हणाले, “एवढ्या उजवीकडे कोण वाचतं?”